घाट: उच्चार एक, घराणी अनेक

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. तुम्ही सुट्टीत वाईला गेलात. ढोल्या गणपतीजवळ कृष्णेच्या घाटावर बसलात आणि मग पसरणीचा घाट चढून पाचगणीला निघालात. गाडीत लेकीनं विचारलं, ‘खाली पायऱ्या होत्या तोही घाट आणि हा वळणांचा रस्ताही घाट, असं कसं?’ घरी परतल्यावर आजी म्हणाल्या, ‘दमून आलात, आता पुरणपोळीचा घाट कशाला घालता?’ तेव्हा तुम्हाला प्रश्न पडला, की हे सगळे घाट एकाच मुळाचे आहेत का.

नाहीत. पायऱ्यांचा घाट आणि डोंगराचा घाट हा एकच शब्द आहे. आजींचा घाट वेगळ्या घराण्यातला. आणि वाईपासून जवळच मेणवलीला गेला असतात, तर नदीच्या घाटालगत टांगलेला तिसरा घाटही दिसला असता. त्याच्याकडे पुढे येतो.

शब्दकोशांच्या नोंदी तपासण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. त्यातून लागलेली एक सवय म्हणजे मूळ शोधताना अर्थाच्या आधी उच्चार बघायचा. अर्थावर विसंबलं की फसगत होते, कारण थोडी कल्पकता असली की कुठल्याही दोन अर्थांमध्ये पूल बांधता येतो. उच्चार तेवढी मोकळीक देत नाही.

संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘ट’ असेल, तर प्राकृतातून मराठीत येताना तो मऊ होऊन ‘ड’ होतो. घटाचा घडा झाला. घटिकेची घडी झाली आणि त्या घडीवरून घड्याळ आलं. ‘घटते’चं ‘घडते’ झालं. पण ‘ट्ट’ असा जोड असेल तर तो मऊ पडत नाही. दोनातला एक ट गळतो आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. पट्टाचा पाट, हट्टाचा हाट (बाजार या अर्थी), भट्टाचा भाट. ‘ण्ट’चंही तसंच: कंटकाचा काटा, वंटनातून वाटणे. आता ‘घाट’ बघा. ट शाबूत आहे आणि आ लांब आहे. म्हणजे हा शब्द सरळ ‘घट’ मधून आलेला असू शकत नाही. त्याच्या मागे ‘घट्ट’ किंवा ‘घण्ट’ असलं पाहिजे. काही जण नदीचा घाट घटाशी जोडतात, ‘बायका घट भरायला जातात तो घाट’ म्हणून. कल्पना गोड आहे, पण घटाचा घडा होतो, घाट होत नाही.

नदीचा आणि डोंगराचा घाट आला तो संस्कृत ‘घट्ट’ या नामातून. (आपण ‘झाकण घट्ट लाव’ म्हणतो तो घट्ट निराळा. त्याचं नातं कन्नडमधल्या ‘गट्टि’शी, म्हणजे टणक, पक्का या शब्दाशी आहे.) या ‘घट्ट’चा अर्थ नावेत चढण्या-उतरण्याची जागा, नदीचा उतार. संस्कृत कोशांनी तो ‘घट्ट्’ म्हणजे घासणे, हलवणे या धातूखाली ठेवला आहे. तो मुळात द्राविडी असावा, तेलुगूतल्या ‘गट्टु’ म्हणजे बांध, काठ या शब्दाच्या कुळातला, असंही एक मत आहे. मला ते मत दुर्लक्षिण्यासारखं वाटत नाही. पण तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. ते संस्कृतातल्या एका न्यायात, म्हणजे गोष्टीवर बेतलेल्या म्हणीवजा दृष्टांतात आहे आणि तो मला फार आवडतो.

‘घट्टकुटीप्रभातन्याय’ असं त्याचं नाव. एका गाडीवानाला जकात चुकवायची होती. म्हणून त्यानं रात्रीच गाडी जुंपली आणि हमरस्ता सोडून आडवाटेनं हाकली. अंधारात वाट चुकली, रात्रभर फिरफिर झाली आणि उजाडलं तेव्हा गाडी नेमकी जकातीच्या खोपटापाशी उभी होती. जे टाळायचं तेच समोर येणं, असा त्या न्यायाचा अर्थ. पण मी बघतो तो त्यातला ‘घट्टकुटी’ हा शब्द. घट्टावरची कुटी म्हणजे जकातीचं नाकं. घट्ट ही नुसती पायऱ्यांची जागा नव्हती. वाटसरू जिथून पलीकडे जातो, ज्याला दुसरा पर्याय नसतो आणि म्हणून जिथे माणूस बसवून वसुली करता येते, ती जागा म्हणजे घट्ट.

एकदा हे लक्षात आलं की नदी आणि डोंगर यांतलं अंतर उरत नाही. नदी कुठूनही ओलांडता येत नाही, सह्याद्रीही कुठूनही उतरता येत नाही. दोन्ही ठिकाणी ठरावीक उतार असतात आणि लोक तिथूनच जातात. दोन्ही ठिकाणी खाली उतरायचं असतं, एकीकडे पाण्यात आणि एकीकडे कोकणात. ‘नदीला उतार आहे’ असं आपण पायी ओलांडता येण्याजोग्या जागेबद्दल म्हणतो, तो ‘उतार’ शब्दसुद्धा असाच दोन्हीकडे चालतो. लेकीला सांगताना पायऱ्या आणि वळणं बाजूला ठेवा. पायऱ्या नंतर बांधल्या, वळणंही नंतर आली. पलीकडे जायची जागा, एवढाच घाटाचा गाभा.

याचा दगडात कोरलेला पुरावा बघायचा असेल तर नाणेघाट बघा. जुन्नरहून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे उतरणारी ही सातवाहनांच्या काळातली वाट. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची यादी आहे: गाई किती दिल्या, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी किती दिली. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी काही या यादीत सापडतात, म्हणून गणिताच्या इतिहासातही हा लेख मोलाचा आहे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, आणि घाटाचं नावही लोक त्या नाण्यांशीच जोडतात. माथ्यावरच्या गावाचं नाव घाटघर. घट्टकुटी आणि घाटघर हे दोन शब्द मी शेजारी ठेवतो तेव्हा मला दरवेळी आनंद होतो. घाटघर हे घट्टकुटीचंच भाषांतर आहे असा माझा दावा नाही. पण दोन्ही शब्दांमागची गरज एकच होती.

डोंगरातल्या घाटाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हल्ली इथे फार घोटाळा होतो. घाट आणि खिंड एक नव्हेत. खिंड म्हणजे दोन उंचवट्यांमधली अरुंद फट. घाट म्हणजे चढ-उताराची पूर्ण वाट, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान फौज घेऊन कोकणात निघाला, तो कुरवंड्याच्या घाटानं खाली उतरला आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्यानं त्याला कोंडलं. घाटानं उतरला, खिंडीत अडकला. दोन्ही शब्द आपापल्या जागी नेमके बसतात. ‘घाटात अडकला’ म्हटलं तर आज आपल्या डोळ्यांसमोर मोटारींची रांग येईल.

तिसरा शब्द नाळ. पाण्याच्या ओघानं कापलेली, दगडगोट्यांनी भरलेली, उभी, चिंचोळी उतरण म्हणजे नाळ. रायगडाच्या घेऱ्यात बोराट्याची नाळ आहे, सिंगापूरची नाळ आहे, आणि तोरण्याच्या बाजूला मढे घाट, उपांड्या घाट, शेवत्या घाट आहेत. ही नावं देणाऱ्यांना फरक पक्का ठाऊक होता. कोणत्या वाटेनं बैल जाईल, डोक्यावर ओझं घेतलेला माणूस कुठून जाईल आणि कुठून फक्त रिकाम्या हातानं उतरता येईल, हे नाव ऐकूनच कळायचं. डांबरी रस्त्यांनी ती गरज संपवली. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली, आणि हळूहळू घाट म्हणजे वाहनाचा वळणावळणाचा रस्ता असा अर्थ पक्का झाला. मग पुण्याहून सासवडकडे जाणारा दिवे घाट, कात्रज, खंबाटकी हे सगळे एका रांगेत आले. यांतल्या एकानंही कोकणात उतरता येत नाही. तरी ते घाटच आहेत, कारण डोंगर ओलांडण्याची जागा हा गाभा शाबूत आहे.

हा अर्थ एकदा मात्र साफ निसटला, आणि तो परक्यांच्या हातून निसटला. पोर्तुगीज आणि इंग्रज समुद्राकडून आले. त्यांना समोर डोंगराची भिंत दिसली आणि तिथले लोक ‘घाट चढून जायचं’ म्हणताना ऐकू आले. वाटेचं नाव त्यांनी भिंतीला दिलं. तेच नकाशावर चढलं आणि भाषांतर होऊन ‘पश्चिम घाट’ या रूपात आपल्याकडे परत आलं. २०१२ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली तीही याच नावानं. आज हा शब्द शास्त्रात आणि सरकारी कागदांत रुळला आहे, तो काढून टाका असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे त्या रांगेला सह्याद्री हे नाव होतंच. मराठी माणूस ‘सह्याद्रीतले घाट’ म्हणतो तेव्हा डोंगर एक आणि त्यातल्या वाटा अनेक, हे चित्र स्पष्ट असतं. ‘पश्चिम घाटातील घाट’ असं वाक्य मी एका पाठ्यपुस्तकाच्या मसुद्यात वाचलं, तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं होतं.

वाटेवरून प्रदेशाचं नाव पडणं मात्र आपल्याकडेही झालं. कोकणातला माणूस ‘घाटावर गेलाय’ म्हणतो तेव्हा तो गडी घाटरस्त्यात उभा नसतो, देशावर पोचलेला असतो. ‘घाटाखाली’ म्हणजे कोकण. वऱ्हाडात मोगली अमलापासून बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग पाडले होते. फारसीत बाला म्हणजे वरचा, पाईन म्हणजे खालचा. मराठवाड्यातली बालाघाटची रांग याच जोडणीची. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या लिखाणातही घाटावरच्या मुलखाला ‘बालागात’ म्हटलेलं आहे.

त्यातूनच ‘घाटी’ आला. घाटावरचा तो घाटी, इतकंच. घाटी मसाला म्हणतो तेव्हा आजही तोच अर्थ असतो. पुढे सातारा, पुणे, नगर अशा भागांतून माणसं मुंबईत हमालीला, गोदीत, गिरण्यांत आली आणि शहरातल्या इतरांनी हा शब्द त्यांच्यावर फेकायला सुरुवात केली. गोव्यातही त्याची धार तशीच आहे. कोशात मी त्याच्यापुढे ‘तुच्छतादर्शक’ अशी खूण करतो आणि ती काढू नये असं माझं ठाम मत आहे. शब्दाचं मूळ निर्दोष आहे म्हणून त्याचा आजचा घाव खोटा ठरत नाही. छत्रपती संभाजीनगरात मात्र ‘घाटीत नेलंय’ म्हटलं तर कुणाला राग येत नाही. तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय याच नावानं ओळखलं जातं. मुंबईहून नव्यानं गेलेला माणूस हे वाक्य पहिल्यांदा ऐकून चपापतो.

भाषांतर करणाऱ्यांनी हिंदीतल्या ‘घाटी’ला जपून हात लावावा. हिंदीत आज घाटी म्हणजे दोन डोंगरांमधला सखल भाग, मराठीत खोरं. ‘कश्मीर घाटी’चं मराठी काश्मीर खोरं. बातम्यांत आणि पडद्यावरच्या मराठीत ‘घाटी’ तशीच्या तशी उतरलेली मी वरचेवर ऐकतो. ते चूक आहे, कारण मराठी कानाला घाट म्हणजे चढण आणि खोरं म्हणजे तळ. पण १५७६ ची लढाई झाली ती हळदीघाटी मात्र खोरं नव्हे. ती अरवलीतली डोंगर ओलांडायची वाट आहे. म्हणजे राजस्थानात या शब्दाचा जुना, आपल्यासारखाच अर्थ त्या नावात टिकून आहे.

नदीच्या घाटावर फार लिहीत नाही, तो सर्वांच्या ओळखीचा आहे. उताराची जागा पक्की बांधली की पायऱ्या आल्या. मग तिथे स्नान आलं, धुणं आलं, क्रियाकर्म आलं. महेश्वरला नर्मदेवरचे अहिल्याबाईंचे घाट, पंढरीत चंद्रभागेचा महाद्वार घाट, पुण्यात ओंकारेश्वराजवळचा. ‘दशक्रिया विधी घाटावर सकाळी’ असं आपण निरोपात लिहितो तेव्हा कोणता घाट हे सांगावं लागत नाही. महालक्ष्मीच्या धोबीघाटाजवळ तर नदीही नाही. धुण्याची जागा एवढाच अर्थ उरला आणि शब्दानं पाणी मागे सोडलं.

आता आजी.

दागिन्याचा घाट, तांब्याचा घाट, घाटदार बांधा: इथे घाट म्हणजे घडण, आकार. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम, म्हणजे भांडी ठोकून घडवण्याचं काम चालतं तिथे एखादा जुना कारागीर ‘हा जुना घाट आहे’ म्हणतो, तेव्हा पोट किती फुगवायचं, गळा कुठे आवळायचा, काठ कुठे बाहेर वळवायचा हे सगळं त्या एका शब्दात असतं. मराठी समीक्षेनं हाच शब्द उचलला आणि ‘कथेचा घाट’, ‘कवितेचा घाट’ म्हणू लागली. आकृतिबंध, रूपबंध असे शब्द असूनही मला घाट जास्त प्रिय आहे, कारण त्यात हातानं घडवल्याची खूण आहे. या घाटाचं कूळ अर्थानं संस्कृत ‘घट्’ या धातूचं, म्हणजे घडणे, घडवणे, घटना, संघटना यांचं. पण मघाचा नियम आठवा. घट्‌मधला ट एकटा असता तर त्याचा ड झाला असता, आणि तसा तो झालाही: घडण. इथे ट टिकला आहे, म्हणजे हा घाट मराठीत सरळ रस्त्यानं उतरलेला नाही. एकतर तो त्याच धातूच्या जोड-ट असलेल्या रूपातून आला, नाहीतर संस्कृतातून नंतर पुन्हा उचलला गेला. ‘घडण’ आणि ‘घाट’ ही भावंडं आहेत, एक गावात वाढलेलं आणि एक उशिरा घरी आलेलं.

आकारावरून बेताकडे जाणं सोपं आहे. एखादी गोष्ट घडवून आणण्याची जुळवाजुळव म्हणजे तिचा घाट. म्हणून घाट ‘घालायचा’ असतो, जसा पाया घालायचा किंवा मांडव घालायचा. यातली एक छटा शब्दकोशांत नीट पकडली जात नाही असं मला वाटतं. घरात ‘घाट घातला’ म्हटलं की त्यात काम अंगाबाहेरचं आहे, पसारा मोठा आहे, एवढीच तक्रार असते, आणि तिच्या आत बहुतेकदा कौतुक असतं. घाट पुरणपोळीचा, दिवाळीच्या फराळाचा, लग्नाचा असतो. पोह्यांचा घाट कुणी घालत नाही. वर्तमानपत्रात शिरला की तोच शब्द काळा होतो. शाळा बंद करण्याचा घाट, भूखंड लाटण्याचा घाट. तिथे घाट म्हणजे कारस्थान. वाक्यात पुढे चांगली गोष्ट असली तरी संशय येतोच: ‘सरकारने नवे रुग्णालय उभारण्याचा घाट घातला आहे’ असं वाचलं की वाचणारा विचारतो, कुणाच्या फायद्यासाठी? बातमी लिहिणाऱ्यांनी हे वजन ओळखून शब्द वापरावा.

मेणवलीचा तिसरा घाट म्हणजे घंटा. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा सुंदर घाट आहे आणि तिथल्या देवळाजवळ मोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत बांधल्या, ही त्यांतलीच. संस्कृत ‘घण्टा’चं जुन्या मराठीत नियमाप्रमाणे ‘घांट’ किंवा ‘घाट’ होतं, कंटकाचा काटा झाला तसंच. आज नाम म्हणून ते मागे पडलं, पण लहान घंटेला ‘घाटी’ म्हणतात. खंडोबाच्या जागरणात मुरळीच्या हातात असते ती घाटी. तिचा घाटावरच्या माणसाशी काही संबंध नाही.

चौथं घराणं स्वयंपाकघरातलं. ‘घाटणे’ म्हणजे शिजत असलेलं हलवून-घोटून एकजीव करणे, आणि तसं केलेला पातळसर पदार्थ तो घाटा. हा सरळ ‘घट्टयति’ म्हणजे हलवतो, ढवळतो, यातून आलेला. तोट्याला हल्ली ‘घाटा’ म्हणतात तो हिंदीतून आलेला पाहुणा. ‘तोटा’ हाताशी असताना मी तो वापरत नाही. हरभऱ्याचे घाटे शेतकऱ्याला सांगायला नकोत. शहरातल्यांसाठी: हरभऱ्याची दाणे भरलेली फुगीर बोंडं म्हणजे घाटे, आणि त्यांना पोखरते ती घाटेअळी.

जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागात मुलीला घेऊन गेलात तर आणखी एक घाट दिसेल. बैलगाडा शर्यतीची धावपट्टी. तिथे गाड्यांच्या ‘बारी’ होतात आणि पहिल्या येणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी आणली, तेव्हा ‘घाट ओस पडले’ असं गावोगाव बोललं जात होतं. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयानं अटी घालून परवानगी दिली आणि घाट पुन्हा भरू लागले. २०२३ मध्ये राज्याचा कायदाही न्यायालयानं ग्राह्य धरला. विदर्भात याच शर्यतीला शंकरपट म्हणतात, घाट नाही. मला हा अर्थ डोंगराच्या घाटातूनच आलेला दिसतो. ही धावपट्टी चढाची असते आणि बैलांनी तो चढ एका दमात पार करायचा असतो.

तुम्ही घरी कोश उघडाल तेव्हा एक करा. चांगल्या कोशात ‘घाट’च्या नोंदी एकाखाली एक वेगळ्या दिलेल्या असतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशातलं ‘घ’चं पान, दोन्ही लेकीला शेजारी उघडून द्या. कोणता अर्थ कुणी कुठल्या नोंदीखाली घातला आहे ते तिलाच शोधू द्या. आजींचा घाट तिला कुठे सापडतो ते मला जरूर कळवा.